घरातलं कोणीतरी ओ देईल

१

"कशासाठी पाहिजे ते आधी सांगा, मंग मी डबा खोलतो." हेडफोन मागणाऱ्या दर गिऱ्हाइकाला अप्पाराव हेच म्हणायचा. घनसावंगीला बसस्टँडसमोर त्याचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. वॉकमनचे दिवस होते ते, मोबाइल अजून गावात आला नव्हता. अप्पाराव माणूस भला, पण बोलायला लागला की समोरचा चहा थंड करून टाकायचा.

त्या दिवशी मी नवऱ्यासोबत गेल्ते. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, पण आता मला कशाची लाज. भुजंगराव. साखर कारखान्यात सीझनची नोकरी. ऊस संपला, गाळप बंद झालं की हे घरी. मी अंगणवाडीची बाई, सकाळी जायचे ते भर दुपारी यायचे. तेवढ्या वेळात सासूबाईंकडं ह्यांनी बघायचं, असं ठरलं होतं. सासूबाई म्हणजे केशरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, डावी बाजू लुळी पडली होती.

"गाणे ऐकायला पाहिजे," भुजंगराव म्हणले.

अप्पारावनं तीन डबे काढले. पहिला पातळ पट्टीचा, कानाला स्पंज असलेला. ह्यांनी तो घातला, वॉकमन चालू केला आणि माझ्याकडं तोंड केलं.

"बोल बरं काहीतरी."

"काय बोलू?"

"ऐकू आलं. दुसरा दाखवा."

दुसरा कानाच्या आत घालायचा होता. तो घालून पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, "मालाला चप्पल घ्यायची हाये." माला आमची पोरगी, तवा तिसरीत होती.

"हे पण ऐकू आलं."

तिसरा मोठा, काळ्या रेक्झिनच्या गाद्यांचा. अख्खा कान आत जायचा. मी म्हणले, "चला आता घरी, आत्याबाई एकट्या हायेत." भुजंगराव माझ्या ओठांकडं बघत हसत राहिले. मी परत म्हणले, मोठ्यानं. बाहेरचा जीपवाला वळून बघायला लागला, पण ह्यांची पापणीसुद्धा हलली न्हाई.

"हाच द्या," ते म्हणले. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता म्हणून ओरडूनच म्हणले.

अप्पाराव डबा बांधता बांधता बोलला, "रस्त्यानं घालू नका बरं का. मागून ट्रक आला तरी कळायचं न्हाई."

"मी कुठं रस्त्यानं जातो. घरीच असतो."

घरी येताना मी विचार केला, गाण्याचा इतका शौक ह्यांना कधी लागला. ह्यांना तर एक गाणं पूर्ण पाठ नव्हतं.

२

आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. पुढची बैठकीची, मधली स्वयंपाकाची, आतली सासूबाईंची. आतल्या खोलीत एकच झरोका, वर पत्रा. सासूबाई दिवसभर हाका मारायच्या. "भुजंगाऽ, पाणी दे रे बाबा." मी घरी असले तरी नाव लेकाचंच. पाणी मी न्यायचे, त्या गिलास तोंडाला लावायच्या आणि माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत राहायच्या.

त्यांना एकच चैन होती. भाजलेल्या तंबाखूची मिसरी. पडल्या पडल्या उजव्या बोटानं दातांना घासायच्या. तंबाखू तव्यावर मीच भाजून द्यायचे. त्यामुळं त्यांच्या पितळी गिलासाच्या काठाला कायम काळी रेघ असायची. राखेनं घासली तरी दुसऱ्या दिवशी परत. घरात दुसरं कोणी मिसरी लावत नव्हतं, म्हणून तो गिलास वेगळा ठेवायचो.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी अंगणवाडीतून आले. भुजंगराव पुढच्या खोलीत खुर्चीवर, डोळे मिटलेले, कानाला ते काळं डबडं, पायानं ठेका. मी मधल्या खोलीत पदरानं तोंड पुसलं आणि मला घर लई गप्प वाटलं. आत गेले. सासूबाई अर्ध्या खाटेच्या खाली आल्त्या. चांगला हात पुढं ताणलेला. गिलास उपडा, घरंगळत भिंतीपाशी गेलेला. तोंड उघडं आणि जीभ कोरडी ठक्क.

मी पुढं येऊन ह्यांच्या कानावरून हेडफोन ओढून काढला. "माय गेली तुमची," म्हणले.

"आत्ता तर झोपली होती की," हे म्हणले.

शेजारच्या कौसल्याबाईनं मला नंतर सांगितलं, सकाळपासून हाका ऐकू येऊन राह्यल्या होत्या. तिला वाटलं, लेक घरात हाये, ओ देतच असंल. मला त्या माणसाचा इतका राग आला की माझं रडायचं राहूनच गेलं. पण चार माणसांत नवऱ्याला काय म्हणणार. सगळे म्हणले, म्हातारी सुटली.

३

दहाव्याला गंगेवर गेलो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. पाण्याजवळ पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिले. कावळे होते, झाडावर भरपूर होते. एक खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि शिवायला तयार होईना.

मंग जसं सगळीकडं चालतं तसं सुरू झालं. म्हातारीचं मन कशात अडकलं ते ओळखायचं, आणि हात जोडून कबूल करायचं. ह्यांचे मामा साहेबराव म्हणले, "केशरबाई, नातीचं लग्न थाटात करू." कावळा उडून बांधावर बसला. कोणी म्हणलं, वर्षभर आंबा खाणार न्हाई. कोणी म्हणलं, देवळाला घंटी देऊ. ऊन चढलं, लोक पाय बदलून उभे राहायला लागले.

मला माहीत होतं काय अडकलंय. भुजंगरावांना पण माहीत होतं. ते पुढं झाले आणि खालच्या आवाजात म्हणले, "माय, आता हाक मार. मी ओ देईन."

कावळा बांधावरून खाली आला. पिंडाजवळ आला आणि मान वाकडी करून ह्यांच्याकडं बघत थांबला. शिवला न्हाई. त्याला पण ह्यांचा भरवसा नसावा.

भुजंगरावांना घाम फुटला. मागं वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन म्हणले, "मी न्हाई दिली तर शिवकन्या देईल. घरातलं कोणीतरी ओ देईल."

कावळ्यानं लगेच चोच मारली. लोक हुश्श म्हणले, आंघोळीला पांगले. साहेबराव मामा तेवढे जागेवर उभे होते.

"असं बोलू न्हाई रे," ते म्हणले. "सरंल असं काहीतरी कबूल करावं. आंबा सोडला तर वर्षात सरतो. हे कधी सरायचं?"

"कावळा शिवला ना मामा," हे म्हणले. "मंग झालं तर."

माझं नाव मला न विचारता गंगेत सोडलं होतं. नवऱ्याची ही जुनी खोड, बाजाराची पिशवी जशी माझ्या हातात द्यायचे तशीच. मी तेव्हा तरी तेवढंच समजले.

४

तेरावं झालं, पाहुणे गेले. घर रोजच्यासारखं चालू झालं. एक दिवस जेवताना भुजंगराव घास हातात धरून म्हणले, "ओ."

मी म्हणले, "कोणी हाक मारली?"

"कोणी न्हाई," म्हणले आणि घास खाल्ला.

मंग ते रोजचं झालं. दाढी करताना ओ. पेपर वाचताना ओ, आलो. आधी मला हसू यायचं. मेल्यावर बरं सुचतंय ह्या माणसाला, असं वाटायचं. मंग ते उठायला लागले. माठातून पितळी गिलास भरायचे, आतल्या खोलीत जायचे, आणि रिकामा गिलास घेऊन बाहेर यायचे. तोंडावर रंग न्हाई. येऊन परत पेपर धरायचे.

मी काय अडाणी न्हाई. दहावी झालेली बाई, अंगणवाडीत बायांना देवी-भूत काय नसतं म्हणून सांगणारी. मनाला खाऊन राह्यलंय, मी म्हणले, आतमध्ये जाऊन स्वतःच पीत असतील. न्हाईतर फरशीवर ओतत असतील, उन्हाळ्यात फरशी लगेच वाळती. मी जाऊन फरशीवर हात फिरवला. फटींमधली धूळ कोरडी होती.

मंग मी गिलास घासायला घेतला. काठाला काळी रेघ होती.

मिसरीची डबी मी दहाव्यालाच गंगेत सोडली होती. मी राख घेतली आणि हात दुखेपर्यंत गिलास घासला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ परत आली. नखानं खरवडून वास घेतला. भाजलेल्या तंबाखूचा वास माझ्याइतका कोणाला माहीत असणार.

५

मंग एका सकाळी भुजंगरावांनी कपाटावरचा काळा हेडफोन काढला. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून तो तिथंच पडून होता. फुंकर मारून धूळ उडवली, कानावर चढवला आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी एकदाही ओ दिली न्हाई. जेवले चांगले. झोपले पण तो घालूनच.

मी मधल्या खोलीत भाकरी थापत होते. आतून आवाज आला.

"शिवकन्येऽ, पाणी दे गं माय."

माझे हात पिठात तसेच राहिले. मनात म्हणले, भास हाये. परत हाक आली. त्याच सुरात, शेवटी थोडी खोकल्यावर अडकणारी. जन्मभर त्या बाईनं मला पाण्यासाठी हाक मारली नव्हती. आता लेकाच्या जागी माझं नाव होतं, कबूल केलं होतं तसं.

मी गिलास भरला. आत गेले. खाटेवर गोधडी घडी करून ठेवलेली होती ती आता अंथरलेली होती, आणि मधोमध खोलगट झालेली. मी गिलास उशाशी ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिले. मागं घोट गिळल्याचा आवाज आला. म्हातारं माणूस गिळतं तसा, थांबून थांबून. मी मोजले न्हाईत. आवाज थांबल्यावर हात मागं करून गिलास चाचपला. तो हलका झाला होता.

बाहेर येऊन मी भुजंगरावांचा हेडफोन ओढला. "आता मला हाक येऊन राह्यली."

ते माझ्याकडं बघत राहिले. भ्याले न्हाईत. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं.

"हे घातलं की मला बिलकुल ऐकू येत न्हाई," ते म्हणले.

"आणि मी काय करू?"

"तुला सवय हाये," ते म्हणले आणि हेडफोन माझ्या हातातून घेऊन परत घातला.

मी पण ठरवलं, द्यायचीच न्हाई ओ. दुसऱ्या दिवशी हाक आली तशी मी चुलीपुढं बसून दोन्ही कानांवर हात दाबून धरले. काय करायचं ते करून घे म्हणले. हाताखालून एक हाक आली, दुसरी आली. मंग थांबली. मी जिंकले असं वाटून हात काढले, तर अंगणातून मालाचा आवाज आला.

"ओ आजी, आले!"

पोरगी लंगडी घालता घालता आत आली आणि हौसेनं गिलास उचलला. मी तो तिच्या हातातून हिसकला. तिच्या बोटाला लागलं, ती रडायला लागली. "आजीनंच मागितलं," ती म्हणली. पाणी घेऊन मी आत गेले. घरातलं कोणीतरी म्हणजे कोण कोण, ते मला तवा कळलं.

६

"एवढ्या पोरीला हेडफोन कशासाठी?" अप्पारावनं विचारलं.

"अभ्यासाला," मी म्हणले. "इंग्रजीच्या कॅसेटी हायेत."

"मंग स्पंजचा घ्या की. हलका, स्वस्त."

"तो नको. गाद्यांचा दाखवा. सगळ्यात लहान."

त्यानं एक काढला, पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत आत ढकलली. तरी मालाच्या डोक्याला सैल झाला. वरून कापडाची गुंडाळी शिवून घ्या म्हणला. मी मालाचे कानातले काढले, कारण त्यानं फट राहात होती. गादीखाली अडकलेले केस बाहेर ओढले. मंग तिच्या मागं जाऊन उभी राहिले आणि म्हणले, "माला."

ती कॅसेटीच्या रॅककडं बघत राहिली. मी पुन्हा म्हणले. तिसऱ्यांदा ओरडले. पोरीनं वळून बघितलं न्हाई.

"हाच द्या," मी म्हणले.

अप्पाराव डबा बांधायचा थांबला. त्याला मागचं आठवलं असंल. पण त्या दिवशी पहिल्यांदा तो काही बोलला न्हाई.

घरी मी मालाला रोज शिकवलं. केस बाहेर, कान पूर्ण आत, दाबून बघ, फट ठेवायची न्हाई. भुजंगरावांच्या वॉकमनला दोन पिनांची जागा होती. बापलेक एकाच वॉकमनला जोडून बसायचे, एकच गाणं ऐकायचे, एकदम मान हलवायचे. दोघं लई जवळ आले. बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पोरगी वाचली होती. राहिले मी एकटी, तर एकटीनं द्यायची ओ. एका पोरीपायी बाई काय करीत न्हाई.

हाका वाढल्या. नुसतं पाणी राहिलं न्हाई. "कूस बदल गं." मी डोळे मिटून गोधडीखाली हात घालायचे. हाताला वजन लागायचं.

७

पुढच्या उन्हाळ्यात अंगणवाडीतून येताना मला ऊन लागलं. मधल्या खोलीत आले आणि माठापर्यंत पोचायच्या आधी खाली पडले. डोळ्यापुढं पिवळं झालं. घशात नुसती आग होती. माठ दिसत होता, हात उचलवत नव्हता.

दारातून पुढची खोली दिसत होती. भुजंगराव खुर्चीवर, माला त्यांच्या पायाशी पाठमोरी. दोघांच्या कानांवर काळ्या गाद्या. दोघांच्या माना एका ठेक्यात हलत होत्या.

मी म्हणले, "आवो."

मी म्हणले, "माला, पाणी दे गं."

जीव एकवटून ओरडले. मालानं गाल खाजवला. मीच निवडलेला हेडफोन होता तो, नीट बसला होता.

किती हाका मारल्या मला आठवत न्हाई. आवाज बसला. मंग नुसतेच ओठ हलत होते, आणि मागच्या बाजूनं, आतल्या खोलीतून, कोणीतरी साध्या आवाजात म्हणलं,

"ओ. आले."

खाट करकरली. एक पाय टेकल्याचा आवाज आला आणि दुसरा घासत आल्याचा. मला मान वळवता येत नव्हती, आणि येत असती तरी मी वळवली नसती. माठावरची ताटली सरकली. पाणी गिलासात पडलं. मंग माझ्या मानेखाली एक हात गेला. तो हात मला दिसला. बांगडी नव्हती. मनगटावर हिरवं गोंदण, कातडी सुरकुतून वाकडं झालेलं. गिलासाचा काठ माझ्या ओठांना लागला. काठाला मिसरी होती.

तहान काय असती ते त्या दिवशी मला कळलं. मी प्याले. शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

कानाजवळ तंबाखूचा वास आला. "आता तू हाक मार," ती म्हणली. "मी देते ओ."

८

जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, ऊन डोक्यात गेलं, त्यातून वारं गेलं. माझी डावी बाजू. भुजंगरावांनी मला आतल्या खोलीत टाकलं. वेगळी खाट आणायचा खर्चा नको म्हणले, एक होतीच.

आता घरात सासूबाईंची हाक येत न्हाई. तरी बापलेकीचे हेडफोन सुटले न्हाईत. मी हाका मारते म्हणून. सकाळी भाकरी आणि तांब्या ठेवून जातात, तांब्या मला एका हातानं उचलवत न्हाई. होईल तितकं मी गप्प पडून राहते. पत्रा तापतो, जीभ टाळूला चिकटते, आणि मंग तोंडातून हाक जातेच.

मागच्या आठवड्यात कौसल्याबाई बघायला आली. बोलता बोलता माझ्या तोंडाकडं बघून म्हणली, "शिवकन्या, मिसरी कधीपासून लावायला लागलीस गं? दात केवढे काळे झाले." मी तोंड पदरानं झाकलं. मी कधी मिसरीला हात लावला न्हाई.

आज सकाळी माला दारातून जाताना दिसली. हेडफोन गळ्यात होता, कान मोकळे होते. मी म्हणले, "माला, घोटभर पाणी पाज गं मला."

पोरगी थांबली. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मंग हेडफोन वर ओढला, अडकलेले केस बाहेर काढले, दोन्ही गाद्या दाबून बघितल्या. फट राहिली न्हाई ना, बघितलं. मी शिकवलं होतं तसंच.

ती पुढच्या खोलीत गेली. खाटेच्या मागं, भिंतीच्या बाजूला, कोणीतरी ओ दिली. मी तोंड मिटून धरलं. मंग मानेखाली हात आला, काठ ओठांना लागला, आणि मी तोंड उघडलं.